चौरस फुटामागे उजेड

नाशिकला जाऊन आले म्हटलं की आमच्या कुडाळात पहिला प्रश्न येतो, "त्र्यंबकेश्वर केलंत?" आणि दुसरा, "द्राक्षं आणलीत?" देवदर्शन राहून गेलं आणि मे महिन्यात चांगली द्राक्षं कुठली मिळायला! मी नाशिकात दुकानं पाहिली, दुकानांच्या भिंती आणि छतं पाहिली, आणि एक पैठणी पाहिली. ऐकणारे म्हणतात, ह्यात काय प्रवास? त्यांच्यासाठीच लिहिते आहे. परत येऊन बरेच दिवस झाले तरी मला बसलेला धक्का ओसरलेला नाही, तो निदान वाटून तरी घ्यावा.

आधी माझी ओळख. मी तंत्रनिकेतनात वीज शिकवायची, आता निवृत्त झाले. मावसबहीण वसुताई नाशिकला मेनरोडच्या बाजूला पैठण्यांचं दुकान चालवते. पुष्कळ वर्षांपूर्वी तिच्याकडे सुट्टीला गेले असताना मी सहज गंमत म्हणून त्या दुकानाची वीज मोजली होती. वर्षाची युनिटं घ्यायची आणि दुकानाच्या चौरस फुटांनी भागायची. नुसती युनिटं सांगून काही कळत नाही. माणसाचं वजन ऐकलं की उंची विचारावी लागते, तसंच हे. तो आकडा इतका लहान आला होता की पुढे दर वर्षी मी तो वर्गात फळ्यावर लिहायची. "बघा, नाशिकला असं एक दुकान आहे," म्हणायची. मुलांना पाठ झाला होता.

ह्या उन्हाळ्यात वसुताईच्या मुलाचा, निखिलचा फोन आला. "मावशी, दुकान नवीन बांधलंय, तुला माहितेय ना? सगळे एलईडी, सगळे एसी फाइव्ह स्टार. तू ये आणि मोज. तुझ्या सहीचा कागद काउंटरमागे फ्रेम करून लावतो, एनर्जी सेव्हिंगचा."

सहीला एवढा भाव आल्यावर कोण घरी बसेल? मी वीज मोजायचा क्लॅम्पमीटर पिशवीत टाकला आणि निघाले.

नाशिकरोड

स्टेशनातून बाहेर पडले तर हवा अशी गोड की कुडाळच्या घामट सकाळींनंतर मला अंगावरून कुणी ओला पंचा फिरवतंय असं वाटलं. मे महिना असून सकाळी गारवा! नाशिकची हवा, नाशिकची हवा म्हणतात ती हीच. पूर्वी लोक खास हवा पालटायला इथे यायचे. पुलावरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या. माझ्या धंद्यामुळे असेल, मला त्या पाहिल्यावर हात जोडावेसे वाटतात. कोळसा जळतो तेव्हा आपला दिवा लागतो, हे वर्गात कितीदा सांगितलं असेल.

"आधी मिसळ खाऊ," मला घ्यायला आलेला निखिल म्हणाला आणि शहराबाहेर मळ्यातल्या एका ठिकाणी घेऊन गेला. बाहेर मोठी पाटी, 'चुलीवरची मिसळ'. खाली पत्र्याच्या शेडमध्ये खरोखरच चूल होती, एक बाई घामाघूम होऊन रस्सा ढवळत होत्या. आजूबाजूला आंब्याची झाडं, वारा सुटलेला. मी झाडाखालच्या बाकाकडे वळले तर निखिल म्हणाला, "तिकडे नको मावशी, वर एसी हॉल आहे."

वर गेले. खिडकी नावाला नाही. सगळीकडे काच, काचेवर आतून पडदे, पडद्यामागे झाडं. भर सकाळी दिवे लावलेले.

"इथे एसी कशाला रे?"

"चुलीचा धूर वर येतो ना. मग त्यांनी काच लावली. काच लावल्यावर उकडायला लागलं."

मिसळ काळ्या मसाल्याची, वर पापड, शेजारी दही आणि जिलबी. आमच्याकडे मिसळीबरोबर जिलबी दिली तर गिऱ्हाईक विचारेल, वाढदिवस कुणाचा? पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. थोडं तिखटामुळे, पण सगळंच तिखटामुळे नाही.

दुकान

जुनं दुकान माझ्या डोळ्यांसमोर होतं. जाड भिंती, उंच छत, मधोमध उघडा चौक, आणि रस्त्याच्या बाजूला रुंद ओटा. गादीवर बसून वसुताई पैठणी उलगडायची आणि गिऱ्हाईक बाई हमखास म्हणायची, "जरा उजेडात दाखवा." मग सगळी वरात ओट्यावर. पैठणीचा रंग असा बसल्या बसल्या कळत नाही. ताण्याचा उभा धागा एका रंगाचा, बाण्याचा आडवा दुसऱ्या, त्यामुळे हलवली की रंग पालटतो, आणि तो खरा पालटतो तो सूर्याच्या उजेडात. उन्हात नेल्याशिवाय पैठणी घ्यायची नाही, हा तिकडच्या बायकांचा नियम. दुकानदारही तो पाळायचे.

आता त्याच जागेवर मजले चढवलेली निळ्या काचेची इमारत. ओटा गेला, चौक गेला. दार आपोआप उघडलं आणि आतून असा गार झोत आला की मी पदर घट्ट ओढला. आत विक्रेत्या मुलींनी साडीवर स्वेटर घातले होते. नाशिकला, मे महिन्यात, स्वेटर!

वसुताई आली आणि तिने मला मिठी मारण्याआधी खांद्यावर शाल टाकली. "सर्दी होईल तुला, नलू. आम्हाला सवय झालीये."

"एसी कमी का नाही करत?"

"दिव्यांमुळे तापतं गं मग."

"मग दिवे कमी कर."

"रंग दिसत नाहीत मग."

वसुताई हे सगळं इतक्या सहज बोलली की मी शाल लपेटून घेतली. निखिल मला मजल्यामजल्यावर फिरवत होता. प्रत्येक यंत्राचं कौतुक त्याच्या तोंडात. आणि खरं सांगते, कौतुक खोटं नव्हतं. दिवे जुन्या नळीपेक्षा कितीतरी कमी खाणारे, एसी उत्तम, लिफ्टसुद्धा नव्या पद्धतीची. एकेक वस्तू घेतली तर मी सगळ्यांना पैकीच्या पैकी दिले असते.

मग त्याने एक दार उघडलं. "आणि ही आमची स्पेशल आयडिया. डेलाइट रूम."

छोटीशी खोली. तिन्ही भिंतींना आणि छताला दिवेच दिवे. मधे आरसा. "बायका म्हणतात ना, उजेडात दाखवा? आता बाहेर जायची गरज नाही. दिवसाचा उजेड आम्ही आतच बनवलाय." त्या दिव्यांची धग एवढी की खोलीला स्वतंत्र एसी होता. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण बाहेर टळटळीत दुपार होती. काचेच्या पलीकडे सूर्य नुसता ओतत होता, फुकट, आणि इथे आत एकलहऱ्याचा कोळसा जाळून ऊन तयार करत होते! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळशाच्या शेजारी बसून पाणी विकत आणणारे मी पहिल्यांदाच पाहिले.

"निखिल," मी विचारलं, "ही कल्पना कुणाची?"

"माझीच," तो लाजून म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं मी खूश झाले.

आकडा

दुसऱ्या दिवशी मी मोजायला बसले. मजल्यागणिक मीटर लावले, बिलांवरून वर्षाची युनिटं घेतली, निखिलने टेप धरून चौरस फूट मोजून दिले. भागाकार केला. मग पुन्हा केला. मग निखिलला करायला सांगितला.

तो म्हणाला, "मावशी, दुकान केवढं मोठं झालंय, वीज वाढणारच ना."

"अरे राजा, म्हणून तर चौरस फुटांनी भागलं. दुकान मोठं झालं हे धरूनच हे उत्तर आलंय."

आकडा मी इथे देत नाही, वाचणारे लगेच आपलं बिल काढून ताडायला बसतात. एवढंच सांगते की मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहिलेल्या आकड्याशेजारी तो ठेवला आणि मला बसायला खुर्ची लागली. मला वाटत होतं निदान तेवढाच असेल. तो कितीतरी पट वर गेला होता. मधल्या काळात, जुन्या इमारतीला पहिले एसी बसले तेव्हाची युनिटंही निखिलकडे होती. तेव्हा आकडा एक पायरी चढला होता. मग दिवे बदलले तेव्हा थोडा उतरला, निखिलचा चेहरा तिथे जरा खुलला. आणि काचेची इमारत झाल्यावर जो उडाला तो उडालाच.

"पण प्रत्येक गोष्ट सेव्हिंगची घेतलीये मी!" तो जवळजवळ ओरडला.

"वस्तू काटकसरी आहेत रे. इमारत उधळी आहे."

जुन्या दुकानात भिंत काम करायची, छत करायचं, चौक करायचा, वारा करायचा. त्यांना वीज लागत नव्हती म्हणून ती आपल्याला कधी दिसलीच नाहीत. ती सगळी मंडळी आपण कामावरून काढून टाकली आणि त्यांची कामं यंत्रांना दिली. मग यंत्र कितीही गुणाचं असलं तरी त्याला खायला घालावंच लागणार.

संध्याकाळी मी एकटीच गंगापूर रोडला फिरायला गेले, जरा डोकं शांत करावं म्हणून. तर काय! बँक काचेची, दवाखाना काचेचा, चपलांचं दुकान काचेचं. बाहेर नाशिकची ती सुरेख झुळूक वाहते आहे, रस्त्यावरच्या बायका पदर सोडून निवांत बोलताहेत, आणि प्रत्येक इमारतीच्या पाठीला लावलेली एसीची खोकी गरम हवा रस्त्यावर फेकताहेत. आमच्या कुडाळात वीज कधी जाईल ह्याचा भरवसा नाही, म्हणून दुकानदार खिडक्या ठेवतात. आम्ही शहाणे म्हणून नव्हे, महावितरणाच्या कृपेने शहाणे! इथे वीज जात नाही, म्हणून खिडक्या गेल्या.

पिशवीतली पैठणी

तिसऱ्या दिवशी सकाळी दुकानात दोघी आल्या. कळवणकडच्या एका शेतकरी घरातल्या सुमनबाई आणि त्यांची मुलगी कोमल. कोमलचं लग्न तोंडावर आलं होतं. सुमनबाईंनी पिशवीतून दोन गोष्टी काढून काउंटरवर ठेवल्या. एक नवी कोरी मोरपंखी पैठणी, इथूनच घेतलेली. दुसरा एका जुन्या पैठणीचा पदर, त्यांच्या स्वतःच्या लग्नातल्या.

"वसुताई, तुम्ही सोता जुळवून दिली होती," सुमनबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्याने जास्तच लागलं. "पोरीची एकच हौस, आईच्या पैठणीचा रंग पायजे. साडी टिकली नाय, एवढा पदरच राहिला. तुम्ही म्हनल्या, तोच रंग हाय. घरी नेली तर लय येगळी."

"असं कसं होईल? मी पडताळून दिलीय," वसुताई म्हणाली. तिने दोन्ही उचलल्या आणि आम्ही सगळे डेलाइट रूममध्ये गेलो. पदर आणि पैठणी शेजारी शेजारी धरली. मीही डोळे बारीक करून पाहिलं. तंतोतंत! कुठे पदर संपतो आणि कुठे साडी सुरू होते कळू नये.

"बघा," निखिल म्हणाला.

सुमनबाईंनी दोन्ही कापडं घेतली, आपोआप उघडणाऱ्या दारातून बाहेर पडल्या आणि फुटपाथवर उन्हात उभ्या राहिल्या. मागून आम्ही.

मला आधी वाटलं माझेच डोळे दिपलेत. जुना पदर हिरव्या-निळ्याच्या मधे झुलत होता, मोराच्या मानेसारखा. नवी पैठणी मात्र सरळ सरळ निळी, तीही मळकट. आत दोन बहिणी होत्या त्या बाहेर आल्या अनोळखी होऊन. हे होतं, मला पुस्तकातून माहीत होतं. दोन रंग एका उजेडात जुळे दिसतात आणि दुसऱ्यात नाही. पण पुस्तकात वाचणं वेगळं आणि फुटपाथवर लग्नाच्या मुलीचा चेहरा बघणं वेगळं. कोमल अंगठ्याने पदराचा काठ चोळत होती.

वसुताईकडे मी पाहिलं आणि मला भीती वाटली. ती पांढरी फटक पडली होती. तिच्या दुकानात पुष्कळ गोष्टी उन्नीस-बीस झाल्या असतील, रंग कधी झाला नव्हता. "वसुताईने रंग सांगितला" म्हणजे येवल्याचे विणकरसुद्धा वाद घालत नसत.

"आत चला, दुसऱ्या दाखवते," ती कशीबशी म्हणाली.

"आत नाय," सुमनबाई म्हणाल्या. "तुमच्या आत आता माझा इस्वास नाय. घरी घेऊन या. आमच्या अंगणात बघू."

कळवण

निघालो. वसुताई पुढे, मागे मी आणि पैठण्यांचे गठ्ठे, गाडी चालवायला निखिल. दुकानातल्या सगळ्या मोरपंखी, हिरव्या, निळ्या उचलून आणल्या होत्या. शिवाय वसुताईने माळ्यावरचा एक गठ्ठाही घ्यायला लावला. निखिलने त्या 'डल' म्हणून बाजूला काढल्या होत्या, दिव्यांत उठून दिसत नाहीत म्हणून. दिंडोरी मागे पडली, वणीला चहा घेतला, सप्तशृंग गडाचा कडा डावीउजवीकडे डोकावत राहिला. मी गाडीतूनच हात जोडले. वसुताईने जोडले नाहीत.

सुमनबाईंचं घर गावाबाहेर मळ्यात. अंगणात बाज, बाजेपलीकडे कांद्याची चाळ. आमच्याकडे कांदा पोत्यातून येतो, त्याचं एवढं घर मी पहिल्यांदाच पाहिलं. लांबच लांब इमारत, पण जमिनीपासून उचललेली, भिंतींच्या जागी बांबूच्या पट्ट्या, मधे फटी, वर उतरतं छप्पर. आत छातीएवढ्या उंचीपर्यंत कांदा. वारा एका बाजूने शिरतो, कांद्यातून जातो आणि दुसरीकडून निघतो. पावसाळा उलटेपर्यंत माल टिकतो, सुमनबाई म्हणाल्या. मी तारा शोधल्या. सवयच आहे. एकही तार नव्हती, साधा बल्बसुद्धा नव्हता.

ही सुद्धा धंद्याचीच इमारत. हिचा भागाकार करायचा तर वर शून्यच मांडावं लागेल. मी निखिलला हाक मारली, तर तो आधीच फटीला हात लावून वारा बघत उभा होता.

बाजेवर जुना पदर पसरला. वसुताई एकेक पैठणी उलगडत गेली. दुकानातल्या दिमाखदार पैठण्या उन्हात एकामागून एक नापास होत गेल्या. ही भडक, ती फिकी, ती तर उघडच जांभळी. सुमनबाईंच्या सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. प्रत्येक पैठणीला त्या मान हलवायच्या आणि अहिराणीत म्हणायच्या, "दुसराच रंग शे." शेवटी माळ्यावरचा गठ्ठा सोडला. त्यातली दुसरी की तिसरी पैठणी उलगडली आणि कोमल उठून उभीच राहिली.

मोराची मान. हलवली तर हिरवी, झुकवली तर निळी. पदराशेजारी ठेवली आणि सासूबाई खाली उतरून आल्या, दोन्ही कापडांवरून हात फिरवून म्हणाल्या, "हाईच."

कोमल रडायला लागली, तिला बघून सुमनबाई. आम्हाला शेंगदाण्याचा ठेचा, बाजरीची भाकरी आणि कांदा आग्रहाने वाढला. सगळे हसत होते. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. वसुताईने भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवली.

परतीच्या वाटेवर ती निखिलला म्हणाली, "ही आपण डल म्हणून माळ्यावर टाकली होती."

"आत तशीच दिसत होती, आई."

"हो. आणि जी माळ्यावर टाकायची ती मी चांगली म्हणून विकली." मग थोड्या वेळाने, "आणखी किती जणींना दिली असेल रे मी?"

वणीच्या पुढे तिने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि फोन काढला. नवं दुकान झाल्यापासून तिच्याकडून लग्नाची पैठणी नेलेल्या बायकांची नावं तिला तोंडपाठ होती. तिने लावायला सुरुवात केली. मी आणि निखिल ऐकत होतो. "ताई, वसुताई बोलतेय, नाशिकहून. तुमची पैठणी एकदा उन्हात नेऊन बघा. रंग चुकला असेल तर परत आणा, मी बदलून देईन." निखिल स्टेअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता.

मला वाटलं आता शिव्या ऐकाव्या लागणार. पहिली म्हणाली, अहो, काही चुकला नाही, सगळ्यांना फार आवडली. दुसरीही तेच. वसुताईचा चेहरा जरा सैल झाला. तिसरीला तिने विचारलं, "म्हणजे उन्हात बघितलीत ना?"

फोन स्पीकरवर होता. पलीकडची बाई जरा गोंधळली.

"उन्हात? नाही हो. लग्न एसी हॉलमध्ये झालं, पूजा घरात, मग कपाटात. तिथे छानच दिसते. उन्हात कशाला नेऊ?"

वसुताईने पहिल्या दोघींना पुन्हा फोन लावला. त्यांनीही नेली नव्हती. चौथीने नेली नव्हती, पाचवीनेही नाही. वसुताई फोन हातात धरून बसून राहिली, बाहेर रस्त्यावर ऊन नुसतं पसरलं होतं, आणि मग ती हळूच म्हणाली, "नलू, कुणालाच कळलं नाही गं."